घोड्यापासून रणगाड्यापर्यंत : डेक्कन हॉर्स, असल उत्तरची लढाई आणि युद्धयंत्राची मर्यादा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील युद्धशास्त्राच्या इतिहासात रणगाडा आणि विमान या दोन यंत्रांनी घडवून आणलेले परिवर्तन सर्वमान्य आहे. शतकाच्या प्रारंभी युद्धाचा वेग घोड्याच्या आणि पायी चालणाऱ्या शिपायाच्या गतीने ठरत असे. शतक अर्ध्यावर येईपर्यंत तो इंजिनाच्या गतीने ठरू लागला. या परिवर्तनाचा अभ्यास प्रायः युरोपातील रणभूमीच्या संदर्भात केला जातो. कांब्रे, कुर्स्क, अल अलामेन ही नावे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित असतात. परंतु भारतीय उपखंडात १९६५ साली झालेल्या रणगाड्यांच्या लढाया त्याच विद्यार्थ्यांस बहुधा एखाद्या परिच्छेदापुरत्याच ठाऊक असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जगात ज्या मोठ्या चिलखती लढाया झाल्या, त्यांत या लढायांची गणना होते. त्यांपैकी एका महत्त्वाच्या लढाईत डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे नेतृत्व एका मराठी सेनाधिकाऱ्याकडे, म्हणजेच तत्कालीन लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांच्याकडे होते.

महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत जनरल वैद्य यांचे नाव आहे. मात्र ते मुख्यतः १९८४ च्या ऑपरेशन ब्लू स्टारच्या काळातील लष्करप्रमुख म्हणून आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात झालेल्या त्यांच्या हत्येमुळे. ज्या कामगिरीमुळे त्यांना दोन वेळा महावीर चक्र प्राप्त झाले, ती रणगाड्यांच्या युद्धातील कामगिरी तुलनेने विस्मृतीत गेली आहे. एखाद्या सेनानीचे आयुष्य त्याच्या मृत्यूच्या संदर्भातच आठवले जावे, हे इतिहासलेखनाच्या दृष्टीने समाधानकारक म्हणता येणार नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. पहिले, दख्खनशी नाते सांगणाऱ्या एका घोडदळ रेजिमेंटच्या आधारे घोडा ते रणगाडा हा संक्रमणकाळ समजून घेणे. दुसरे, १९६५ मध्ये तांत्रिकदृष्ट्या सरस मानल्या गेलेल्या पॅटन रणगाड्यांना असल उत्तर येथे अपयश का आले, याची कारणमीमांसा करणे. तिसरे, ‘यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ’ या लोकप्रिय निष्कर्षाची त्याच युद्धातील इतर लढायांच्या कसोटीवर चिकित्सा करणे. चौथे, या इतिहासाशी महाराष्ट्राचे असलेले नाते नेमक्या स्वरूपात मांडणे.

घोडदळाचे यांत्रिकीकरण

डेक्कन हॉर्सचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या निजामाच्या राज्यात उभारलेल्या अनियमित घोडदळात सापडते. पूना हॉर्सची स्थापना १८१७ मधील, पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर झाली. दोन्ही नावे दख्खनची असली तरी विसाव्या शतकात या रेजिमेंट्सची भरती बव्हंशी उत्तर भारतातील समाजांतून होत असे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. नावावरून प्रादेशिक अभिमानाचे निष्कर्ष काढताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

पहिल्या महायुद्धात डेक्कन हॉर्स फ्रान्सच्या आघाडीवर होती. सोमच्या लढाईत १४ जुलै १९१६ रोजी सायंकाळी हाय वूड या जंगलाच्या परिसरात २० वी डेक्कन हॉर्स आणि ब्रिटिशांची ७ वी ड्रॅगून गार्ड्स यांनी भाले सरसावून घोड्यांवरून चढाई केली. खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांच्या युगात अशी चढाई हा अपवादात्मक प्रसंग होता. प्रारंभी काही यश मिळाले. परंतु जिंकलेला भाग टिकवता आला नाही. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, याच सोमच्या रणभूमीवर जगाच्या इतिहासात प्रथमच रणगाडे उतरले. त्या दिवशी हाय वूडमध्येही चार रणगाडे पाठवण्यात आले होते. झाडांच्या बुंध्यांत आणि खड्ड्यांत ते अडकून पडले आणि त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्यास एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. घोडा कालबाह्य झाला म्हणून रणगाडा आपोआप यशस्वी झाला, असे घडले नाही. एकाच जंगलापुढे घोडा आणि यंत्र दोघेही अडखळले. यंत्राला साजेशी भूमी आणि सोबतीला पायदळ व तोफखाना नसेल, तर त्याची शक्ती निष्फळ ठरते, हा धडा रणगाड्याच्या जन्मदिवशीच मिळालेला होता.

भारतीय घोडदळाच्या यांत्रिकीकरणास १९३८ मध्ये प्रारंभ झाला. सिंध हॉर्स आणि १३ वी लान्सर्स या रेजिमेंट्सनी प्रथम घोडे सोडले आणि पुढील काही वर्षांत इतर रेजिमेंट्सनी त्यांचे अनुकरण केले. घोड्याची निगा राखणे हीच ज्याची विद्या होती, त्या सवाराला इंजिन, बिनतारी यंत्र आणि तोफ यांची विद्या आत्मसात करावी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या टप्प्यात रॉयल डेक्कन हॉर्स अमेरिकी बनावटीचे शर्मन रणगाडे घेऊन २५५ व्या इंडियन टँक ब्रिगेडमधून ब्रह्मदेशात लढली. मार्च १९४५ च्या प्रारंभी मेइक्तिला हे महत्त्वाचे ठाणे जिंकण्यात या ब्रिगेडचा मोठा वाटा होता. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेच्या या मोहिमेत रणगाड्यांसोबत चालण्यासाठी व जपानी सैनिकांच्या निकटच्या हल्ल्यांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी बॉम्बे ग्रेनेडियर्सचे पायदळ जोडण्यात आले होते. वीस वर्षांनंतर असल उत्तरच्या परिसरात डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे पायदळ पुन्हा एकदा एकाच रणभूमीवर उभे राहिले.

१९६५ : दोन्ही बाजूंची साधनसामग्री

मे १९५४ मध्ये अमेरिका आणि पाकिस्तान यांच्यात परस्पर संरक्षण साहाय्य करार झाला. पाठोपाठ पाकिस्तान सीटो व बगदाद करारात सहभागी झाला. या संबंधांतून पाकिस्तानला एम-४७ व एम-४८ पॅटन रणगाडे, तसेच सेबर व स्टारफायटर विमाने मिळाली. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, वजन सुमारे ४५ टन, आणि अंतर मोजण्यासाठी त्यात त्या काळाच्या मानाने प्रगत प्रकाशीय साधन बसवलेले होते.

भारताकडील चिलखती दलात सरमिसळ होती. ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन हे सर्वांत सक्षम रणगाडे मोजक्या रेजिमेंट्सकडे होते. फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे सुमारे १५ टनांचे, पातळ चिलखताचे होते. उरलेल्या रेजिमेंट्स दुसऱ्या महायुद्धातील शर्मनवरच विसंबून होत्या. डेक्कन हॉर्स ही अशाच रेजिमेंट्सपैकी एक होय. केवळ यंत्राशी यंत्राची तुलना केली, तर शर्मनने पॅटनसमोर उभे राहावे, अशी अपेक्षा कोणीही केली नसती.

असल उत्तरची लढाई

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब भागात मोठे आक्रमण केले. त्यास प्रत्युत्तर म्हणून ६ सप्टेंबर रोजी भारतीय सेनेने पंजाबमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. खेमकरण भागात मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या अधिपत्याखालील ४ थ्या माउंटन डिव्हिजनने इच्छोगिल कालव्याच्या दिशेने केलेली चढाई यशस्वी झाली नाही. प्रतिहल्ल्यांपुढे तिला मागे यावे लागले. काही पायदळ बटालियन या टप्प्यावर विस्कळीत झाल्या, ही वस्तुस्थिती पश्चिम कमानीचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी आपल्या प्रकाशित युद्धवृत्तांतात लपवलेली नाही. विजयाच्या वर्णनांत हा भाग बहुधा गाळला जातो. वस्तुतः तो गाळला की विजयाचा अर्थही पुरता कळत नाही. कारण असल उत्तरची लढाई पराभवाच्या उंबरठ्यावरून सावरलेल्या सैन्याने लढलेली आहे.

माघारीनंतर डिव्हिजनने खेमकरणच्या मागील बाजूस असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकाराची बचावफळी उभारली. पाकिस्तानच्या १ ल्या आर्मर्ड डिव्हिजनचा बेत या फळीला भेदून बियास नदीवरील पुलाकडे मुसंडी मारण्याचा आणि अमृतसर व त्यापुढील भारतीय फौजांचा मार्ग तोडण्याचा होता. तो यशस्वी झाला असता, तर पंजाबमधील युद्धाचे चित्रच पालटले असते. पुढे हरबक्ष सिंग यांनी असेही लिहिले की, या निकडीच्या वेळी लष्करप्रमुख जनरल जयंतोनाथ चौधरी यांनी बियासपर्यंत मागे येण्याचे सुचवले होते व आपण ते मान्य केले नाही. या प्रसंगाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु परिस्थिती किती गंभीर होती, याची कल्पना त्यावरून येते.

८ सप्टेंबर रोजी पॅटनचे हल्ले सुरू झाले. डिव्हिजनला प्रारंभापासून जोडलेली रेजिमेंट डेक्कन हॉर्स होती. तिच्या मदतीस ब्रिगेडियर थिओगराज यांच्या २ ऱ्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडमधून लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांची ३ री कॅव्हलरी सेंच्युरियनसह आली. एएमएक्स-१३ रणगाडे असलेली ८ वी कॅव्हलरीही या भागात होती. भारतीय रणगाडे उंच वाढलेल्या उसाच्या शेतांत दडवून ठेवण्यात आले. कालव्याचे पाणी सोडून समोरील शेतजमीन चिखलमय करण्यात आली होती. जड पॅटन त्या चिखलात मंदावले, काही रुतले, आणि मार्ग शोधण्यासाठी वळताच त्यांच्या चिलखताची कमकुवत बाजू लपून बसलेल्या तोफांसमोर आली. डेक्कन हॉर्सच्या शर्मनना दूर पल्ल्यावरून पॅटनशी समोरासमोर झुंजावे लागले असते, तर निष्पत्ती निराळी झाली असती. पल्ला कमी करणे, शत्रूची बाजू उघडी पडेपर्यंत थांबणे आणि मगच मारा करणे हीच जुन्या यंत्राला न्याय देणारी पद्धत होती. त्यासाठी तोफेच्या ताकदीपेक्षा चालक, तोफची आणि कमांडर यांच्या संयमाची आवश्यकता अधिक होती.

१० सप्टेंबर हा निर्णायक दिवस ठरला. याच दिवशी ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने रणगाडे उडवताना वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. पाकिस्तानी डिव्हिजनच्या तोफखान्याचे प्रमुख ब्रिगेडियर शमी याच दिवशी मारले गेले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या ४ थ्या कॅव्हलरीच्या कमांडिंग ऑफिसरसह अनेक सैनिक बंदी झाले. भारतीय वृत्तांतांनुसार या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. निकामी पॅटन भिक्कीविंड येथे ओळीने मांडण्यात आले आणि त्या जागेस ‘पॅटन नगर’ असे नाव पडले. नष्ट झालेल्या रणगाड्यांच्या संख्येबद्दल दोन्ही देशांच्या वृत्तांतांत तफावत असली तरी पाकिस्तानच्या सर्वांत सामर्थ्यवान चिलखती डिव्हिजनची चढाई येथेच संपुष्टात आली, याविषयी दुमत नाही. या लढाईतील नेतृत्वाबद्दल लेफ्टनंट कर्नल वैद्य यांना महावीर चक्राने गौरवण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ३९ वर्षांचे होते.

अपयशाची कारणमीमांसा

पॅटनच्या अपयशाची कारणे चार गटांत मांडता येतात. पहिले कारण भूप्रदेशाचे होय. ऊस, पाणी आणि कालवे यांनी व्यापलेल्या भूमीत गती हा रणगाड्याचा मुख्य गुणच हिरावला गेला. दुसरे कारण परस्पर समन्वयाच्या अभावाचे होय. पाकिस्तानी रणगाडे पुरेशा पायदळाविना पुढे आले. त्यामुळे शेतात दडलेली रिकॉइललेस तोफ किंवा लपलेला रणगाडा शोधून काढणारे कोणी नव्हते. तिसरे कारण प्रशिक्षणाचे होय. अंतर मोजण्याचे प्रगत साधन हाताळण्यास दीर्घ सराव लागतो आणि अल्प अंतरावरील झटपट झुंजीत त्याचा लाभ मिळण्याऐवजी कालापव्यय होतो. चौथे कारण माहितीचे होय. भारतीय बचावफळीची नेमकी रचना न समजल्याने एकाच फळीवर वेगवेगळ्या बाजूंनी तुकड्या-तुकड्यांनी हल्ले केले गेले आणि संख्येचा लाभ विखुरला.

ही चारही कारणे पाहता ‘जुन्या शर्मनने नव्या पॅटनला हरवले’ हे विधान अपुरे ठरते. ३ ऱ्या कॅव्हलरीच्या सेंच्युरियनचा वाटा या विजयात मोठा होता आणि सेंच्युरियन हे कोणत्याही अर्थाने दुय्यम यंत्र नव्हते. शर्मन, सेंच्युरियन, रिकॉइललेस तोफा, तोफखाना आणि पाणी यांचा एकत्रित वापर हे विजयाचे खरे सूत्र होय.

फिल्लौरा आणि चविंडा : निष्कर्षाची कसोटी

सियालकोट भागातील लढाया या विवेचनास पूरक ठरतात. तेथे मेजर जनरल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या १ ल्या आर्मर्ड डिव्हिजनने ११ सप्टेंबर रोजी फिल्लौरा जिंकले. पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्याकडे होते. १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले तारापोर ११ सप्टेंबरला जखमी झाले. परंतु त्यांनी रणभूमी सोडली नाही. १६ सप्टेंबर रोजी बुटूर डोगरांडी येथे ते धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने स्वतःचे नऊ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केल्याची नोंद आहे. कुटुंबाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि तारापोर हे आडनाव २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या, आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या तारापूरशी जोडलेले आहे.

मात्र फिल्लौरानंतर याच डिव्हिजनला चविंडा घेता आले नाही. सेंच्युरियनसारखे उत्तम रणगाडे, लढवय्ये नेतृत्व आणि फिल्लौराचा विजय पाठीशी असूनही १४ ते १९ सप्टेंबर या काळातील हल्ले तडीस गेले नाहीत. पायदळ आणि रणगाडे यांच्या हालचालींचा मेळ बसला नाही आणि दरम्यान पाकिस्तानी बचाव बळकट झाला. असल उत्तर येथे पाकिस्तानने केलेल्या चुकांशी जवळीक सांगणाऱ्या उणिवा चविंडा येथे भारतीय बाजूस दिसतात. म्हणून युद्धाचा निकाल कोणा एका देशाच्या सैनिकांच्या अंगभूत श्रेष्ठत्वाने लावणे शास्त्रीय ठरत नाही. हल्ला करणारा रणगाडा एकाकी पडला की तो कोणाचाही असो, संकटात सापडतो, हाच निष्कर्ष दोन्ही लढायांतून निघतो.

रणगाडा आणि विमान

रणगाड्याच्या इतिहासाचा विचार विमानापासून वेगळा करता येत नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमधील पाकिस्तानी रणगाडे रोखण्यासाठी हवाई दल वापरण्याचा निर्णय तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग यांच्याशी चर्चा होताच तत्काळ घेतला. त्या सायंकाळी पाठवलेल्या व्हँपायर विमानांपैकी चार विमाने गमवावी लागली. त्यानंतर हे जुने विमान आघाडीच्या कामातून बाजूला करण्यात आले. जमिनीवर शर्मनला उसाचा आडोसा होता. आकाशात व्हँपायरला असा कोणताच आडोसा नव्हता. जुने यंत्र कोठे तगते आणि कोठे तगत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. पुढे हंटर विमानांनी रायविंड येथे शत्रूच्या रसदीच्या रेल्वेगाडीवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम खेमकरण भागातील पाकिस्तानी चिलखती दलाच्या पुरवठ्यावर झाला.

१९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे या संबंधाचे दुसरे टोक दिसले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखालील २३ पंजाबच्या सुमारे १२० सैनिकांनी ४ डिसेंबरची रात्र पाकिस्तानी रणगाड्यांसमोर तग धरून काढली. ५ डिसेंबरला उजाडताच जैसलमेरहून आलेल्या मोजक्या हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात अडकलेले रणगाडे टिपले. हवाई संरक्षणाविना निघालेल्या रणगाड्यांना तेथे ना ऊस होता, ना झाडी. जी भूमी रणगाड्याला वेग देते, तीच त्याला विमानासमोर उघडे पाडते.

चव्हाण यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, १९६४ मध्ये, नाशिकजवळील ओझर येथे मिग-२१ विमानांच्या निर्मितीचा कारखाना उभा राहिला. १९६५ च्या युद्धात ही विमाने मोजकीच होती. १९७१ पर्यंत ती हवाई दलाचा कणा बनू लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले.

बसंतर आणि अहमदनगर

डिसेंबर १९७१ मध्ये वैद्य ब्रिगेडियर या नात्याने १६ व्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचे नेतृत्व करत होते. शकरगड भागात बसंतर नदीच्या पलीकडे पोहोचण्यासाठी खोल सुरुंगक्षेत्रे ओलांडणे अनिवार्य होते. या लढाईत रणगाड्याचा प्रमुख शत्रू रणगाडा नसून जमिनीखालचा सुरुंग होता आणि त्यातून वाट काढणारा अभियंता दलाचा जवान हाच चढाईचा खरा अग्रदूत होता. सुरुंगमुक्त वाट पूर्ण होण्याआधीच लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांची पूना हॉर्स पलीकडच्या पायदळाच्या मदतीस धावली. १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानच्या ८ व्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रतिहल्ले मोडून काढण्यात आले. त्याच झुंजीत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल वयाच्या २१ व्या वर्षी कामी आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. वैद्य यांना या मोहिमेतील नेतृत्वाबद्दल दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले.

पुण्यात जन्मलेले खेत्रपाल युद्धापूर्वी अहमदनगर येथे तरुण अधिकाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम करत होते. तो अर्धवट सोडून ते रेजिमेंटमध्ये दाखल झाले. महाराष्ट्राचे या इतिहासातील खरे स्थान येथे स्पष्ट होते. १९२० च्या दशकापासून अहमदनगर हे रणगाड्यांच्या प्रशिक्षणाचे ठिकाण आहे. १९४८ मध्ये विविध प्रशिक्षण संस्था एकत्र येऊन तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकारास आले. १९९४ मध्ये तेथे रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. २०२४ मध्ये शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. असल उत्तरला वैद्य, फिल्लौरास तारापोर आणि बसंतरला खेत्रपाल होते, ही बाब अभिमानाची आहे. परंतु त्यांच्यासोबत लढलेल्या जाट, शीख, राजपूत, डोगरा, मुस्लिम अशा सर्व भागांतील आणि समाजांतील जवानांना जोडणारा धागा म्हणजे या शहरातील प्रशिक्षणाचे मैदान. रेजिमेंटच्या नावातील ‘दख्खन’ किंवा ‘पुणे’ या शब्दांपेक्षा हा संबंध अधिक वास्तव आहे.

या संबंधाची किंमतही स्थानिक जनतेने मोजली आहे. अहमदनगरजवळील खारे कर्जुने परिसरातील गोळीबार सरावक्षेत्र, म्हणजेच के. के. रेंज, आणि त्यालगतच्या गावांच्या जमिनीचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला आहे. ठाणे जिल्ह्यातही दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीवर पुढे निर्वासितांचे उल्हासनगर वसले, तर नेवाळी येथील धावपट्टीच्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे तीव्र आंदोलन झाले. युद्धयंत्रांचा इतिहास हा केवळ सीमेवरील लढायांचा नसून त्या यंत्रांसाठी जागा देणाऱ्या गावांचाही इतिहास आहे.

स्मृती आणि इतिहासलेखन

१९६५ च्या युद्धास २०२५ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी विशीत असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. युद्धाचे वरिष्ठ पातळीवरील चित्र सेनानींच्या वृत्तांतांतून आणि यशवंतराव चव्हाण यांच्या युद्धकालीन नोंदींतून उपलब्ध आहे. रणगाड्याच्या चालकाने, तोफचीने, बिनतारी संदेशकाने, दुरुस्ती पथकातील कारागिराने काय अनुभवले, हे मात्र मराठीत फारसे नोंदले गेलेले नाही. सेनानीच्या निर्णयाचे श्रेय किंवा दोष ज्या साक्षीवर पारखता येतो, ती साक्ष या कनिष्ठ पदांवरील माणसांची असते. ठाणे, कल्याण, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांतून हे काम करता येण्यासारखे आहे. संग्रहालयातील रणगाडा उद्याही उभा राहील. तो चालवणारा माणूस उद्या बोलू शकेलच, याची शाश्वती नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. घोडा ते रणगाडा हे संक्रमण केवळ साधनबदलाचे नव्हते. हाय वूड, मेइक्तिला आणि असल उत्तर या टप्प्यांतून डेक्कन हॉर्सचा इतिहास असे दर्शवतो की, भूमी, पायदळ आणि तोफखाना यांच्याशी मेळ बसला तरच चिलखती दल प्रभावी ठरते.

२. असल उत्तर येथे पॅटनचा पराभव हा शर्मनचा एकट्याचा विजय नव्हता. योग्य भूमीची निवड, पाण्याचा वापर, मारा रोखून धरण्याची शिस्त आणि विविध दलांचा समन्वय ही त्याची कारणे होत.

३. ‘यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ’ हे सूत्र चविंडा आणि व्हँपायर विमानांच्या उदाहरणांपुढे अपुरे पडते. शूर माणसालाही कालबाह्य यंत्र किंवा सदोष नियोजन यांची किंमत प्राणांनी चुकवावी लागते. शौर्याच्या गौरवात ही जबाबदारी झाकली जाऊ नये.

४. जनरल अरुणकुमार वैद्य यांचे मूल्यमापन करताना १९८४ व १९८६ या वर्षांबरोबरच १९६५ व १९७१ ही वर्षेही विचारात घेणे आवश्यक आहे. पराभवाच्या छायेतील फळीवर जुनी यंत्रे घेऊन ठाम उभे राहणे आणि सहा वर्षांनी सुरुंगांनी व्यापलेल्या भूमीतून ब्रिगेड पलीकडे नेणे, या दोन भिन्न स्वरूपाच्या कसोट्या होत्या. पहिलीत थांबण्याचा निर्णय महत्त्वाचा होता, दुसरीत पुढे जाण्याचा. एकाच सेनाधिकाऱ्याने दोन्ही पार पाडल्या, ही भारतीय चिलखती युद्धाच्या इतिहासातील स्वतंत्र अभ्यासास पात्र बाब होय.